डाव्या हाताला काम

अकरा वर्षं मी पेटी वाजवली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत मध्यमा पूर्णपर्यंत पोहोचले, गल्लीतल्या भजनाला साथ केली, धाकट्या भावाच्या मुंजीत मंगलाष्टकांचा सूर धरला. गेल्या पावसाळ्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मी एक जुना डिजिटल पियानो विकत घेतला आणि ठरवलं की त्याच्यासाठी स्वतःची एक छोटी रचना करायची. गायक नाही, तबला नाही, शब्द नाहीत. एकट्या पियानोने जे सांगायचं ते सांगावं. पेटी येते म्हणजे पियानो निम्मा येतो, असं मी मनात धरलं होतं. पट्ट्या तर त्याच, काळ्या आणि पांढऱ्या. पेटीवर साडेतीन सप्तकं होती, इथे अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, म्हणजे सात सप्तकांहून जास्त. जागा वाढली, एवढंच.

पहिल्या संध्याकाळी काळी तीनचा सा धरून भूप वाजवला. पाचही काळ्या ओळीने वाजवल्या की भूप होतो, हे पेटी शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि काळी एकवरून सुरुवात केली की त्याच पाच पट्ट्यांत दुर्गा सापडतो. उजवा हात मजेत फिरत होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "छान वाजवतेस गं, पण डावा हात मांडीवर कशाला ठेवलायस?" मी खाली पाहिलं. हात मांडीवर होता आणि बोटं हळूहळू उघडमीट करत होती. तो भाता शोधत होता. माझ्या डाव्या हाताने अकरा वर्षांत एकही सूर वाजवलेला नव्हता, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

मग मी पियानोच्या मॅडमकडे जायला लागले. त्या लहान मुलांना ग्रेडच्या परीक्षांसाठी शिकवतात आणि माझ्या आधीच्या तासाला एक सात वर्षांचा मुलगा येतो. तो दोन्ही हातांनी वेगवेगळं वाजवतो. मी मॅडमना सांगितलं की संगीत नाटकांत पायपेटी असायची, तिथे भाता पायाने मारतात आणि दोन्ही हात मोकळे असतात, तेव्हा आपल्या परंपरेतही हे आहेच. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग तिथे डावा हात काय वाजवतो?" मी घरी येऊन नाट्यगीतांची जुनी ध्वनिमुद्रणं कान देऊन ऐकली. मी ऐकलेल्या बहुतेक ठिकाणी पायपेटी गाण्याचीच चाल धरून होती आणि डावा हात तीच चाल एक सप्तक खाली वाजवत होता किंवा नुसता षड्ज देत होता. त्यात कमी काहीच नाही, गायकाला आधार देणं हेच त्या वाद्याचं काम होतं. माझ्यासमोर मात्र गायकच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी मला सा रे ग म वाजवायला सांगितलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसल्या. वाजवून झाल्यावर म्हणाल्या, "सगळे स्वर एकाच आवाजात आहेत. तू बोलतेस तेव्हा सगळे शब्द एकाच जोराने बोलतेस का?" पेटीवर पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तेवढाच निघतो, कारण लहान-मोठा आवाज भात्यातून येतो. पियानोवर पट्टी दाबली की आत फेल्ट लावलेली लाकडी हातोडी तारेवर आपटते. ती किती वेगाने आपटणार हे बोट ठरवतं. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्टोफोरीने १७०० च्या सुमारास हे वाद्य बनवलं ते याच गुणासाठी, आणि नावही त्यावरूनच पडलं. पियानो म्हणजे हळू, फोर्ते म्हणजे जोरात. मराठी करायचं तर 'हळूजोर' असं काहीतरी होईल. या 'हळूजोर'वर माझी करंगळी आणि अनामिका तीन आठवडे नुसत्या थरथरत होत्या.

पण सगळ्यात मोठा धक्का या दोन्हींतला नव्हता. पेटीवर बसलं की आधी षड्ज लावायचा, डोळे मिटायचे, सूर कानात भरू द्यायचा, ही माझी सवय. पियानोवर तसा सा लावला, डोळे मिटले, आणि आठ-दहा सेकंदांत माझ्या हाताखालून तो विरून गेला. पट्टी मी दाबूनच ठेवली होती. पुन्हा लावला, पुन्हा गेला. त्या रात्री मी चाल बांधायला बसले तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लांब सूर होता, कारण पेटीवर माझी ओळ तशीच संपते. पियानोवर त्या प्रत्येक लांब सुरात एक खड्डा पडत होता. मी तो बारीक बारीक सुरांनी भरायला लागले आणि आणखीच बिघडलं. मॅडमनी ऐकून एवढंच सांगितलं, "सूर संपू दे. तो संपतो म्हणूनच पुढचा कधी लावायचा हे तुला ठरवावं लागतं." मी वहीत लिहून घेतलं. कळलं मात्र नव्हतं.

रचना कशावर करायची, हे सुचलं ते आजीमुळे. ती नाशिकच्या पंचवटीत वाढली. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि आजीच्या सगळ्या आठवणी गंगेच्या पाण्यापासून सुरू होतात. पूर किती आला हे ती फुटांत सांगत नाही. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमच्या गावाचं माप. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, गळ्याशी आलं. १९६९ च्या महापुराची गोष्ट ती सांगते तेव्हा या पायऱ्या एकेक करून चढते, आवाज न वाढवता. आणि शेवटी म्हणते, "नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं, की मग गावाचं काही खरं नाही." नारोशंकराच्या देवळातली ती घंटा वसईच्या पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली. मी दुसऱ्या दिवशी गंगेवर जाऊन ती नीट पाहिली. इतकी वर्षं तिच्याखालून भाजी आणायला गेले, मान वर करून कधी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन देवघरातली घंटी हातात घेतली, एकदाच वाजवली आणि फोनवर आवाज टिपला. पंधरा-वीस वेळा ऐकला. ठोका, मग पसरणारा सूर, मग हलकी लहर, मग काही नाही. घंटीला भाता नसतो, तिचा सूर कुणी धरून ठेवू शकत नाही. मी पियानोवर तेच करून पाहिलं, आणि मॅडमचं वाक्य महिन्याभराने कळलं. मी पियानोला पेटीची मोठी बहीण समजत होते. त्याचं नातं घंटेशी आहे.

हे कळल्यावर मी शोधायला लागले तर घंटेवरून पियानोसाठी लिहिणारे कितीतरी निघाले. रशियाच्या रॅखमॅनिनॉफचं सी शार्प मायनरमधलं प्रेल्यूड अनेकांना मॉस्कोच्या घंटांसारखं वाटतं. ते लिहिलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, साल १८९२. सुरुवातीला नुसते तीन भारी स्वर येतात. मी ते पेटीवर लावून पाहिले. काळी एकचा सा धरला तर ते होतात कोमल धैवत, पंचम, सा. ते तीन स्वर माझ्याही पेटीत पहिल्यापासून होते. एस्टोनियाच्या आर्वो पार्टची १९७६ सालची 'फ्युअर अलिना' ही रचना तर माझ्यासारख्या शिकाऊ हातांनाही वाजवता येते. त्यात उजवा हात चाल वाजवतो, डावा प्रत्येक सुराखाली एकच सूर ठेवतो आणि पेडल जवळजवळ सगळा वेळ दाबलेलं. या शैलीला त्याने लॅटिनमधल्या छोट्या घंटीच्या शब्दावरून नाव दिलं. आपल्याकडचं कुणी असेल का, म्हणून पाहिलं तर वनराज भाटिया सापडले. 'भूमिका', 'तमस' आणि 'भारत एक खोज' या नावांमुळे मला ते माहीत होते. मुंबईत जन्मलेला हा माणूस लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि मग पॅरिसला नादिया बुलांजेंकडे पाश्चात्त्य संगीतरचना शिकून आला, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. अकरा वर्षांच्या परीक्षांत मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

युरोपातल्या चर्चच्या घंटांबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट मिळाली. अशा घंटेच्या आवाजात मूळ सुराबरोबर कोमल गंधारही ऐकू येतो, तो त्या धातूच्या आकारातून येतो. म्हणून मी काळी एकचा सा घेतला आणि रचना कोमल गंधारावर उभी केली. आता ती लिहून काढायची होती.

लिहिण्याबाबत मी निश्चिंत होते. परीक्षेसाठी भातखंडे आणि पलुस्कर, दोन्ही स्वरलेखन पद्धती घोकल्या होत्या. विष्णू दिगंबर पलुस्करांबद्दल तर नाशिकच्या मुलीला वेगळी आपुलकी, कारण उत्तरायुष्यात त्यांनी इथेच पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला. पण आपल्या लिपीत सा म्हणजे सा, तो कुठल्याही पट्टीत असो. पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत नेमकी कुठली पट्टी दाबायची ते लिहावं लागतं, एकावर एक स्वर रचावे लागतात आणि प्रत्येकाचा जोरही नोंदवावा लागतो. त्यांच्या 'बार'ला मी वहीत 'कप्पा' म्हणत होते, कारण आवर्तन म्हणावं तर सम कुठेच नव्हती. काळी एकला डी फ्लॅट म्हणतात असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तेच धरून पहिलं पान भरलं. कागद चिन्हांनी बरबटला. साधी पांढरी तीन मला एफ फ्लॅट म्हणून लिहावी लागत होती, आणि एका स्वराला तर दोन-दोन फ्लॅट लागले. मॅडमनी पान पाहिलं, वर एक ओळ लिहिली आणि सगळा गुंता सुटला. त्याच पट्टीला सी शार्पही म्हणतात. या नावाने लिहिलं की पानाच्या सुरुवातीला चार शार्प दिले की काम भागतं, आणि डी फ्लॅटने लिहिलं तर आठ फ्लॅटचा हिशेब होतो. पेटीवर एका पट्टीला एकच नाव असतं. कागदावर ती दोन घरांची असू शकते आणि कुठल्या घरचं नाव लावायचं, हे शेजारी कोण आहे त्यावर ठरतं.

चाल झाली होती, लिहिली होती, पण डाव्या हाताखाली अजून नुसता षड्ज होता. पाणी चढतंय हे त्यातून काही केल्या ऐकू येईना. मी चाल आणखी करुण करायला गेले, कोमल ऋषभ घातला, मुरक्या घातल्या. मींड पियानोवर येत नाही हे ठाऊक असूनही शेजारच्या दोन पट्ट्या घासून पाहिल्या. तेव्हा मॅडमनी शोपॅंचं ई मायनरमधलं प्रेल्यूड माझ्यापुढे ठेवलं, १८३९ साली छापलेलं, पंचवीस कप्प्यांचं. मी ते पेटीवाल्याच्या डोळ्यांनी वाचलं. सुरुवातीला उजव्या हाताला फक्त पंचम आणि कोमल धैवत, पुन्हा पंचम, पुन्हा कोमल धैवत. यात आहे काय, असं वाटलं. मग डावा हात वाजवला. तीन-तीन स्वरांचे घोस एका लयीत पडत राहतात आणि दर वेळी त्यातला एखादाच स्वर अर्ध्या पायरीने खाली सरकतो. वर पंचम तोच आहे, आणि खालची जमीन बदलल्यामुळे दर वेळी तो वेगळा लागतो. मी तो तुकडा त्या दुपारी तीसेक वेळा वाजवला असेल, अतिशय हळू, चुकत चुकत. मला वाटत होतं भाव चालीत असतो, कारण आमच्याकडे गाण्यात आणि त्याच्या साथीत तो तिथेच शोधायचा असतो. इथे तो सगळा डाव्या हातात होता.

मग मी माझी चाल निर्दयपणे छाटली. उजव्या हाताला घंटा ठेवली, सा आणि कोमल गंधार, मधे मोठी विश्रांती. पाणी डाव्या हाताला दिलं. गुडघा, कमर, छाती, गळा, अशा चार जागा. प्रत्येक जागेला घोसातला एक स्वर अर्धी पायरी वर सरकतो. आवाज वाढवायचा नाही, आजी वाढवत नाही म्हणून. गळ्याशी पाणी येतं तेव्हा डाव्या हाताचा वरचा स्वर उजव्याच्या सुराला जाऊन चिकटतो आणि घंटा तिथे थांबते. कागदावर हे छान दिसत होतं. वाजवताना मी चारही जागांना जोर चढवत गेले, कारण माझ्या बोटांना हळू वाजवत वर जाणं येतच नव्हतं. ते यायला सव्वा महिना लागला.

पेडल राहिलं. घरच्या पियानोचं पेडल मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबून धरायचे, विरणारे सूर राहावेत म्हणून. त्याने सगळे घोस एकमेकांत मिसळायचे आणि पुराच्या पाण्यासारखा गढूळ आवाज व्हायचा. मला ते आवडलंही होतं, पुराचीच तर गोष्ट आहे. मॅडम म्हणाल्या, "गढूळ पाणी ऐकू यायला हवं असेल, तर आधी स्वच्छ पाणी ऐकू यायला हवं." पाय हाताबरोबर उचलायचा नाही. नवा घोस वाजला की मग उचलायचा आणि लगेच पुन्हा दाबायचा. म्हणजे जुना आवाज पुसला जातो आणि मधे भोकही पडत नाही. पाय हातानंतर. ऐकायला सोपं आहे, पण भाता मारणाऱ्या माणसाचे हात नेहमी बरोबरच चालतात. माझा पाय आठवडाभर आधीच उचलला जात होता.

पेडल खरं काय करतं हे मला नाशिकजवळच्या देवळालीला कळलं. मॅडमच्या ओळखीच्या एका वृद्ध जोडप्याच्या बंगल्यात उभा जुना पियानो आहे. त्यांनी मला एका रविवारी तासभर वाजवू दिलं. पावसाळ्यात लाकूड फुगून चार पट्ट्या अडकल्या होत्या, आणि मधल्या सप्तकातले काही सूर किंचित लहरत होते, कारण तिथे एकेका सुराला तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकमेकींशी जुळून राहिल्या नव्हत्या. त्या घरच्या काकांनी वरचं झाकण उघडून आत दाखवलं. पूर्ण पियानोत दोनशे तीसच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण साधारण अठरा-वीस टनांचा भरतो, म्हणून आत लोखंडी चौकट. सगळ्यात वरच्या काही पट्ट्या सोडल्या तर प्रत्येक पट्टीला एक डँपर असतो, तारेवर टेकलेली फेल्टची गादी. मी त्याला 'गप्प करणारा' म्हणते. पेडल दाबलं की सगळे गप्प करणारे एकदम उचलले जातात.

काका म्हणाले, "खालचा सा आवाज न करता नुसता दाबून ठेव आणि वरचा सा ठोकून सोड." मी तसं केलं. वरचा सूर बंद झाला, आणि ज्या तारेला कुणी हात लावला नव्हता ती खालची तार गात राहिली. मला सारंगी आठवली, सतार आठवली. या तरफेच्या तारा आहेत! पेडल दाबलं की अख्ख्या पियानोच्या तारांची तरफ होते, तुम्ही एक स्वर लावता आणि त्याच्या नात्यातल्या सगळ्या तारा आतून हुंकार देतात. घरच्या डिजिटल पियानोवर मला हे कधी ऐकू आलं नव्हतं. मी माझी रचना तिथे वाजवली. गळ्याच्या जागेला अडकलेली पट्टी आली, सूर वाजलाच नाही. त्या सुराच्या जागी बाकीच्या तारांची गुणगुण तेवढी राहिली, आणि ती मी लिहिलेल्या सुरापेक्षा चांगली होती. घरी येऊन मी तो सूर कागदावरून काढून टाकला.

दिवाळीनंतर आजीला ऐकवलं. तिला काही सांगितलं नव्हतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद ती देवघराच्या उंबऱ्याशी बसून होती. दुसऱ्या जागेला माझं पेडल चुकलं, तिसऱ्या जागेला मी नको तेवढा जोर केला. शेवटचा खालचा सा विरेपर्यंत तिने काही म्हटलं नाही. मग विचारलं, "हे पाणी उतरलं कुठे गं? पूर उतरतोही ना." मी चढतं पाणीच लिहिलं होतं. उतरणारं आता लिहिते आहे, आणि ते जास्त अवघड जातंय, कारण पूर चढतो तसा उतरत नाही. मारुतीच्या अंगावर गाळ सोडून जातो, तो डाव्या हाताने कसा वाजवायचा हे मला अजून सापडलेलं नाही.

देवळालीच्या त्या एका तासाने मला जे दिलं, ते माझ्या घरच्या वाद्यातून मिळण्यासारखं नव्हतं. नाशिकमध्ये, देवळालीत, कुठल्या जुन्या बंगल्यात, शाळेच्या हॉलमध्ये किंवा प्रार्थनागृहात तारांचा पियानो झाकण लावून पडून असेल, तर तो भंगारात देण्याआधी एखाद्या शिकणाऱ्या मुलीला तासभर वाजवू द्या. पट्ट्या अडकत असल्या तरी चालेल.